सुई कंबरेत, अंधारी डोळ्यांपुढे

गेवराई तालुक्यातलं तलवाडा त्वरितादेवीच्या मंदिरासाठी ओळखलं जातं. पण या टापूचं वर्ष फिरतं ते ऊसतोडीच्या कोयत्याभोवती. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यांच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, तेही दिवसभर. त्यातून कंबर धरली की ‘मणक्यात गॅप पडला’ असं लोक म्हणतात.

गोळ्या आणि व्यायामानेही पायात उतरणारी कळ थांबली नाही, तर काही वेळा मणक्यातलं इंजेक्शन सुचवलं जातं. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत स्टेरॉइड सोडलं की नसेची सूज उतरते आणि काही काळ आराम पडतो. बहुतेकांना गंभीर त्रास होत नाही. क्वचित एखाद्याला मात्र अचानक अंधुक दिसू लागतं, नजरेसमोर काळा डाग येतो. कंबरेतल्या सुईने डोळा बिघडेल हे मनात येत नाही, म्हणून रुग्ण घरीच थांबतो.

संबंध मात्र थेट आहे.

मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी दृष्टीच्या मज्जातंतूच्या आवरणातून डोळ्याच्या मागच्या बाजूपर्यंत पोचलेलं असतं. पाण्याने भरलेली पिशवी एका टोकाला दाबली की दुसरं टोक ताणतं, तसंच इथे घडतं. जास्त औषध झपाट्याने सोडलं तर वाढलेला दाब डोळ्यापर्यंत जातो, शिरांमधलं रक्त तुंबतं आणि दृष्टिपटलावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. क्लार्क आणि व्हिटवेल यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९६१ सालीच अशा रक्तस्रावाबद्दल लिहिलं होतं. हे रक्त बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शोषलं जातं आणि नजर सुधारते. काहींच्या नजरेत मात्र कायमचा दोष राहतो.

स्टेरॉइडमुळे दृष्टिपटलाखाली पाणी साचू शकतं. मधुमेह्यांची साखर वाढूनही काही दिवस धूसर दिसतं. सर्वांत घातक प्रकार मानेतल्या इंजेक्शनचा: औषधाचे कण मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत शिरले तर पक्षाघात होतो, दृष्टीही जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१४मध्ये अशा दुर्मीळ पण गंभीर दुष्परिणामांचा इशारा दिला.

त्यामुळे हे इंजेक्शन प्रशिक्षित डॉक्टरांकडूनच, शक्यतो क्ष-किरण यंत्रावर सुईची जागा पाहून घ्यावं. औषध बेताचं आणि सावकाश सोडलेलं बरं. मधुमेह, रक्तदाब, काचबिंदू किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर आधीच सांगावं. गोळ्या परस्पर बंद करू नयेत. सुई सुरू असताना डोकं जोरात ठणकलं, तर त्याच क्षणी बोलावं.

नंतर एकेक डोळा झाकून पाहावं. अंधुक वाटलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. सोबत बोलणं अडखळत असेल किंवा हातपाय लुळे पडत असतील, तर तडक मोठं रुग्णालय. तपासणाऱ्या डॉक्टरांना मणक्यात इंजेक्शन घेतल्याचं सांगावं आणि औषधाच्या नावाचा कागद दाखवावा. डोळ्याकडे पाहताना कंबरेची सुई त्यांच्याही लक्षात येईलच असं नाही.