आयटीआयचे विलायती आजोबा

दहावीचा निकाल लागला की हट्ट्यातल्या घराघरांतून एकच विचारणा आमच्याकडे येते. "सर, मार्क कमी आहेत, पोराला आयटीआयला टाकू का? हातात काही हुनर तरी येईल." हुनर येईल हे खरे, पण हुनर आल्यावर रोजी मिळेल का, हा पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो मात्र शंभर वर्षे जुना आहे, आणि ज्या देशात तो आधी विचारला गेला तिथून आपल्या आयटीआयची वंशावळ सुरू होते.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. लाखो शिपाई घरी परतले आणि इंग्लंडात पाहता पाहता कारखाने, कोळशाच्या खाणी, जहाजांच्या गोद्या मंदावल्या. १९३३ च्या सुरुवातीला तिथे बेकारांची संख्या तीस लाखांच्या आसपास होती. सरकार बेकारी भत्ता देत होते, पण नुसता भत्ता देऊन माणूस बसून राहतो, त्याला काही शिकवावे, असा विचार पुढे आला. १९२५ पासून तिथल्या कामगार मंत्रालयाने बेकारांसाठी प्रशिक्षण केंद्रे काढायला सुरुवात केली. ही केंद्रे दोन तऱ्हांची झाली, आणि आमच्या मते सगळा धडा या दोन तऱ्हांतल्या फरकात आहे.

पहिल्या तऱ्हेच्या केंद्रात सुतारकाम, लेथ, वेल्डिंग, मोटारदुरुस्ती असे नेमके काम काही महिने शिकवत. प्रवेश मोजकाच असे. बाजारात ज्या कामाला माणसे लागणार असतील तेवढीच मुले घ्यायची, अशी त्यांची रीत होती. त्यामुळे तिथून बाहेर पडलेल्या बहुतेकांना काम मिळाले. कामगार संघटना मात्र नाराज होत्या. सहा महिन्यांत तयार झालेला माणूस पाच-सात वर्षे उमेदवारी केलेल्या कारागिराच्या बरोबरीला कसा बसणार, असे त्या म्हणत. ज्याने उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे मार खाऊन काम शिकले आहे, त्याला हे गाऱ्हाणे लगेच पटेल.

दुसरी तऱ्हा १९२९ पासूनची. वेल्सच्या खाणींत किंवा उत्तरेच्या गोद्यांत वर्षानुवर्षे बसून राहिलेल्या माणसांना लांब जंगलात छावण्यांत नेत. तिथे साधारण बारा आठवडे खोदकाम, झाडे तोडणे, वनखात्याचे रस्ते बांधणे. राहणे-खाणे सरकारचे आणि वर खर्चीला थोडे पैसे. काही काळ तर छावणीत जायला नकार दिला की भत्ता बंद होण्याची भीती होती. सरकारचे म्हणणे होते की बसून बसून माणसाचे शरीर आणि मन सैल पडते, ते घट्ट करायचे. बेकार कामगारांच्या चळवळीचे पुढारी वॉल हॅनिंग्टन यांनी या छावण्यांना गुलामांच्या छावण्या म्हटले. १९२९ ते १९३९ या काळात जवळजवळ दोन लाख माणसे या छावण्यांतून गेली, पण त्यांतून काम लागलेले फार थोडे निघाले. निघणार तरी कसे? ज्या गावात खाणच बंद आहे तिथल्या माणसाला कुदळ मारायला शिकवून काय होणार! तो तर खाणीत जन्मभर तेच करत आला होता.

बायकांची कथा आणखी वेगळी. युद्धाच्या काळात ज्यांनी दारूगोळ्याच्या कारखान्यांत यंत्रे चालवली, त्यांना युद्धानंतर मुख्यतः शिकवले गेले ते दुसऱ्यांच्या घरचे घरकाम. स्वयंपाक, धुणे, इस्त्री. पुष्कळ मुलींना ते नकोसे वाटले. आजही आपल्याकडे मुलींसाठी काही योजना आली की शिलाई मशीन आणि मेहंदी यांच्यापुढे विचार जात नाही. शिलाईत वाईट काही नाही, कितीतरी घरे तिच्यावर चालली आहेत. पण इलेक्ट्रिशियन किंवा 'कोपा', म्हणजे संगणकाचा ट्रेड, मुलीने का घेऊ नये, हे आम्हाला कोणी पटवून दिलेले नाही.

आपल्याकडे त्या काळात काय होते? आपल्या राज्यातले एक ठळक नाव पुण्याजवळ खडकीला आजही उभे आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, आणि इतर आघाड्यांवर हात-पाय गमावलेल्या हिंदी शिपायांसाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झाले. गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांचा त्यात पुढाकार होता. पुढे ते खडकीला गेले. अपंग जवानाला बसून करता येईल असा धंदा शिकवून घरी पाठवायचे, ही त्यामागची कल्पना, आणि शंभर वर्षांनंतरही ती संस्था हेच काम करते.

आता वंशावळीचा दुवा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडचे कामगारमंत्री झाले अर्नेस्ट बेविन. अकराव्या वर्षी शाळा सुटलेला, गाडी हाकणारा हा माणूस कामगार संघटनेतून वर आला होता. त्यांच्या योजनेतून १९४१ साली हिंदुस्थानातील तरुण कामगारांची पहिली तुकडी विलायतेला गेली. त्यांना लंडनजवळ लेचवर्थ येथे शिकवले गेले, तेही सरकारी प्रशिक्षण केंद्रातच! ज्या व्यवस्थेची बांधणी इंग्रज बेकारांसाठी झाली, तिच्यात आता आपली मुले लेथवर उभी राहिली. देशातही युद्धासाठी तंत्रज्ञ तयार करण्याची केंद्रे निघाली होती. युद्ध संपताना, जुलै १९४५ मध्ये, सैन्यातून सुटणाऱ्यांना कामाला लावण्यासाठी दिल्लीत वेगळे महासंचालनालय स्थापन झाले. एम्प्लॉयमेंट एक्सचेंज तिथूनच आली. फाळणीनंतर निर्वासितांची सोय याच यंत्रणेने पाहिली. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू होऊन आयटीआय हे नाव आले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी या संस्थांचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला. योगायोग असा की आपला मराठवाडा मुंबई राज्यात आला तो याच दिवशी.

नवी योजना आली की आम्ही तिला त्या दोन तऱ्हांची फूटपट्टी लावतो. २०२४ साली राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. सहा महिने ठरले होते, पुढे ते अकरा झाले. ओळखीची कितीतरी मुले शाळा-कचेऱ्यांत गेली, मनापासून राबली. मुदत संपली तेव्हा कायम करा म्हणून आंदोलने झाली. मुलांचा दोष नाही. पुढची जागा न ठरवता दिलेले शिक्षण जंगलातल्या छावणीकडेच झुकते.

म्हणून प्रवेशाआधी संस्थेच्या दारातच तीन गोष्टी विचाराव्यात. मागच्या तुकडीतली मुले आज कुठे आहेत, कार्यशाळेतील यंत्रे चालू आहेत का, आणि पुढे अप्रेंटिसशिप कोणत्या कारखान्यात मिळते. १९६१ च्या कायद्याखाली ३० किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात आणि त्यांना दरमहा विद्यावेतन द्यावे लागते. आयटीआयच्या कागदाइतकेच हे वर्ष मोलाचे आहे. खाजगी केंद्रवाल्याने फक्त प्रमाणपत्राची चमक दाखवली, तर पैसे भरण्याआधी दोन दिवस थांबावे.

आणि जे भाऊ आधीच गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात, मोटार रिवाइंडिंगमध्ये दहा-दहा वर्षे काढून बसले आहेत, त्यांचे काय? हात पक्का, पण हातात कागद नाही, अशी घरे आपल्यात फार आहेत. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीपासून येणाऱ्या कामाला मान्यता देण्याची सोय आहे. थोडी ओळखवजा शिकवणी, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र. त्यासाठी पुन्हा शाळेच्या बाकावर वर्षभर बसावे लागत नाही. जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात आधार कार्ड घेऊन जावे आणि आपल्या कामासाठी ही परीक्षा कधी आहे, ते विचारून यावे.