वरचं भंगार

२ एप्रिल २०२२. रात्रीची वेळ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात आभाळातून धातूचं भलंमोठं कडं धाडकन कोसळलं. चिनी रॉकेटचा अवशेष असावा, असा तज्ज्ञांचा अंदाज. सुदैवाने कुणाला लागलं नाही.

खरं तर पडणारं भंगार परवडलं. डोकेदुखी आहे ती वरच राहणाऱ्याची. २००९ मध्ये सैबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर चालू इरिडियम ३३ आणि निकामी कॉसमॉस २२५१ हे उपग्रह एकमेकांवर आदळले. दोन हजारांवर तुकडे उडाले. तिथे हवा जवळपास नाहीच, मग वेग कमी कशाने होणार? सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर! अशा वेगात साधा नटबोल्टही उपग्रह फोडतो, त्याचे तुकडे पुढच्याला. ही साखळी नासाचे शास्त्रज्ञ डोनाल्ड केसलर यांनी १९७८ सालीच मांडली होती. वरचा कचरा रोज उचलणारी घंटागाडी मात्र अजून निघालेली नाही.