हाताचे शिक्षण, गावाचे हित

मुळशी तालुक्यातील मारुंजी हे हिंजवडीच्या आयटी पार्कला खेटून असलेले गाव. गेल्या पाव शतकात या पंचक्रोशीतील शेतजमीन बिनशेती होत गेली आणि बांधांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. परंतु त्या इमारतींतील वीजजोडणी, नळकाम, लिफ्टची देखभाल व सांडपाण्याचे शुद्धीकरण ही नित्याची कामे ज्या हातांवर अवलंबून आहेत, त्या हातांच्या शिक्षणाकडे आपण अजूनही दहावीला कमी गुण मिळालेल्यांची सोय म्हणूनच पाहतो. ही दृष्टी सदोष आहे; कारण व्यवसायशिक्षणाचा लाभ शिकणाऱ्याच्या पगारापाशी थांबत नाही, तो त्याच्या गावालाही पोहोचतो.

याचा उत्तम दाखला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे सापडतो. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागातील पद सोडून आलेल्या डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली त्या अवर्षणप्रवण गावात विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळेत न रमलेल्या मुलांना अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य आणि शेती व पशुपालन या विभागांत प्रत्यक्ष कामातून शिकवावे, आणि ते काम नुसते सरावाचे न राहता गावाच्या खऱ्या गरजेचे व रास्त मोबदला घेऊन केलेले असावे, अशी त्यांची धारणा होती.

तेथील भूजलशोधाचेच उदाहरण घ्या. शेतात एका रेषेत चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून वीजप्रवाह सोडून आतल्या दोहोंमधील विद्युत्दाब मोजायचा, आणि सळयांतील अंतर वाढवीत अधिकाधिक खोल थरांचा विद्युत्रोध वहीत उतरवीत जायचा. त्या आकड्यांवरून पाणी धरणारा थर कोठे असेल याचा अदमास बांधता येतो. वर्गात घोकूनही न उमगलेला ओहमचा नियम येथे विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडतो, आणि विंधनविहिरीसाठी कर्ज काढू पाहणाऱ्या शेतकऱ्यास पाणाड्याच्या नारळापलीकडचा आधार मिळतो.

याहून खोल परिणाम समाजाच्या मनावर होतो. हुन्नर जातीशी जखडून ठेवलेल्या आपल्या देशात रंधा, भाता आणि करणी ही हत्यारे एकाच कर्मशाळेत सर्व जातींच्या मुलामुलींच्या हाती येतात, तेव्हा श्रमप्रतिष्ठेची शिकवण व्याख्यानावाचून रुजते. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली स्थापन केलेल्या पुण्याच्या सेवासदनाने स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण दिले, तेव्हा त्या स्त्रियांना स्वावलंबन लाभले आणि रुग्णालयांना प्रशिक्षित शुश्रूषा लाभली; एकाच शिक्षणाचे हे दुहेरी फळ होते.

सरकारने १९६१ साली शिकाऊ उमेदवारांसंबंधी कायदा केला, आणि औंधसारख्या ठिकाणी औद्योगिक प्रशिक्षण संस्था चालू आहेत. परंतु सोळाव्या वर्षी संस्थेचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच हाताला कामाची गोडी लागलेली असावी लागते. म्हणून मारुंजीसारख्या गावच्या शाळेने आठवड्याचा एक दिवस कर्मशाळेसाठी राखून ठेवावा, ग्रामपंचायतीने त्यासाठी जागेची व अवजारांची तजवीज करावी, आणि परिसरातील गृहसंस्थांनी आपल्या पंपघराचे व शुद्धीकरण यंत्रणेचे दरवाजे या मुलांना शिकण्यासाठी उघडावेत. जमिनीचा मोबदला एकदाच मिळतो. गावाच्या अंगी मुरलेले कसब पुढच्या पिढीलाही उपयोगी पडते, आणि त्याची पेरणी शाळेतच व्हावयास हवी.