मोटारीच्या एसीतून येणारा जळका वास : निदान आणि दुरुस्ती

मे महिन्यात जबलपूरचा पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो. अशा उन्हात कंडेन्सरला उष्णता बाहेर टाकणे जड जाते, दाब वाढतो आणि कॉम्प्रेसरवरचा भारही वाढतो. मग कमकुवत भाग तापून वास येऊ लागतो. तो भाग ओळखण्यासाठी गाडी मोकळ्या जागी उभी करून एकेक घटक बंद करून पाहावा.

१. बाहेरची हवा बंद करा. वास गेला, तर तो इंजिनाकडून किंवा रस्त्यावरून येत होता. तापलेल्या एक्झॉस्टवर ऑइल गळते का ते तपासा.

२. एसी बंद, ब्लोअर चालू ठेवा. रबराचा वास थांबला, तर बहुधा कॉम्प्रेसरचा पट्टा घसरत आहे. सैल किंवा झिजलेला पट्टा बदलावा. पण कॉम्प्रेसरच अडकत असेल, तर नवा पट्टाही जळेल.

३. एसी बंद करूनही प्लास्टिकचा वास येत राहिला, तर ब्लोअरची मोटर, रेझिस्टर आणि कनेक्टर तपासा. मोटर जड फिरली की विद्युतप्रवाह वाढतो. प्रवाह दीडपट झाला, तर वायरमधली उष्णता सव्वादोनपट होते. रेझिस्टर वाहत्या हवेने थंड राहतो. म्हणून फिल्टरही साफ हवा.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवू नये. तसे केल्यास फ्यूजऐवजी वायर जळते. धूर दिसताच गाडी थांबवून इंजिन बंद करावे आणि सर्वांनी बाहेर पडावे.