दहा बोटांचं दप्तर

२२ जुलै १९३४च्या रात्री शिकागोच्या बायोग्राफ चित्रगृहातून बाहेर पडलेला जॉन डिलिंजर सरकारी एजंटांच्या गोळ्यांनी कोसळला. बँका लुटणाऱ्या या दरोडेखोराने चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून घेतली होती, बोटांची टोकं आम्लाने जाळून घेतली होती. तरी त्याची ओळख बोटांच्या ठशांनीच पटली. मधल्या रेषा बिघडल्या होत्या, कडेच्या शाबूत होत्या.

लोकांच्या लक्षात गोळीबार राहिला. मला त्याहून मोलाचं वाटतं ते वॉशिंग्टनमधलं ठशांचं दप्तर.

अमेरिकेच्या न्याय खात्यातली तपास संस्था १९०८ची. मे १९२४मध्ये तिची सूत्रं जे. एडगर हूवर या २९ वर्षांच्या वकिलाकडे आली. तरुणपणी त्यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये नोकरी केली होती. नीट लावलेल्या कार्डांची ताकद त्यांना ठाऊक होती. त्याच वर्षी लेव्हनवर्थ तुरुंगातली आणि पोलीसप्रमुखांच्या संघटनेकडची मिळून ८ लाखांवर ठसापत्रकं एकत्र आली. तोवर एका राज्यातला सराईत चोर दुसऱ्या राज्यात नाव बदलून नवखा म्हणून खपून जाई.

पण लाखो पत्रकांतून एक शोधायचं कसं? त्याचं उत्तर कोलकात्यात तयार झालं होतं. तिथले ब्रिटिश पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ते बसवलं. दहा बोटांना क्रमांक देऊन त्यांच्या पाच जोड्या करायच्या. पहिल्या जोडीतल्या बोटावर चक्र, म्हणजे गोल फिरणाऱ्या रेषा, दिसलं तर १६ गुण, पुढच्या जोड्यांना ८, ४, २, १. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज वर, विषमांची खाली, दोन्हींत एक-एक मिळवायचा. एकही चक्र नसेल तर १/१, सगळीच चक्रं असतील तर ३२/३२. असे १,०२४ कप्पे. इतकी देखणी युक्ती जगभर हेन्रींच्या नावाने ओळखली जाते. हक आणि बोस मागे राहिले, हा अन्यायच.

या पद्धतीला दहाही बोटं लागतात. घटनास्थळी बहुधा एखादाच ठसा सापडतो. म्हणून १९३३मध्ये कुख्यात टोळीवाल्यांच्या एकेका बोटाची वेगळी फाइल उघडली गेली. त्याच वर्षी जूनमध्ये कॅन्सस सिटीच्या रेल्वे स्थानकाबाहेर चार पोलीस-अधिकारी आणि त्यांच्या ताब्यातला कैदी गोळीबारात ठार झाले. संशयित व्हर्न मिलरच्या घरातल्या बिअरच्या बाटलीवरचा ठसा अॅडम रिकेटी या दुसऱ्या संशयिताचा निघाला. या हत्याकांडानंतर, १९३४ साली, एजंटांना शस्त्र बाळगण्याचा आणि अटकेचा अधिकार कायद्याने मिळाला.

मग सिनेमा आला. १९३१च्या 'द पब्लिक एनिमी'त गुंड झालेला जेम्स कॅग्नी १९३५च्या 'जी मेन'मध्ये सरकारी एजंट झाला. संस्थेला एफबीआय हे नाव त्याच वर्षी मिळालं. रेडिओ, चित्रकथा, मुलांच्या खेळण्यांतले बिल्ले, सगळीकडे हा नायक पोचला. त्याच्यामागे भिंग घेऊन रेषा मोजत बसलेले कारकून कुणाच्या डोळ्यांपुढे आले नाहीत.

या लोकप्रियतेच्या लाटेत निरपराध नागरिकही आपणहून ठसे देऊ लागले. ठसे गुन्ह्यांपलीकडेही कामी आले. ऑगस्ट १९४०मध्ये व्हर्जिनियात विमान कोसळलं. मृतांत संस्थेचीही माणसं होती. ओळख पटवायला ठसेतज्ज्ञ पाठवले गेले, आणि पुढे दुर्घटनांसाठी कायमचं पथक झालं. युद्धकाळात सैनिक आणि कारखान्यांतले कामगार यांच्या ठशांची भर पडली. १९४६पर्यंत कार्डं १० कोटींवर गेली. त्यांतल्या असंख्य माणसांनी कधी गुन्हा केलेला नव्हता, आणि त्यांचं दप्तर १९७२पर्यंत, मरेपर्यंत, एकट्या हूवर यांच्या हुकुमाखाली राहिलं.