घटाचा पाक

कच्चा घट श्याम, भाजल्यावर तांबडा. हा पालट परमाणूंत होतो कीं सबंध घटांत, यावर वैशेषिक व नैयायिक यांनीं पिढ्यानुपिढ्या वाद घातला. तो वाद पढणाऱ्या आपल्या घरांनीं कुंभाराच्या भट्टीकडे मात्र पाहिलें नाहीं.

नागपूरजवळ माहुरझरीच्या शिळावर्तुळांत १९७०-७२ सालीं झालेल्या उत्खननांत आंतून काळीं, बाहेरून तांबडीं भांडीं निघालीं. भांडीं पालथीं रचून भाजल्यास आंत हवा पोंचत नाहीं व तो भाग काळा राहतो, असें तज्ज्ञ सांगतात.

चाक हा या विद्येचा केवळ श्रीगणेशा; अग्नि व झिलई हा तिचा उच्च अभ्यास. त्यासाठीं मुंबईस सर जे. जे. कलाशाळा आहे. घरांतील मुलामुलींनीं ती वाट धरल्यास वडीलधाऱ्यांनीं नाक मुरडूं नये, असें आम्हांस वाटतें. शास्त्रांतला घट त्यांच्या हातीं प्रत्यक्ष येईल.