रापणीचा बांगडा: पहाट ते तिन्हीसांज

पहाटे 6. पाऊस सरलेला. मालवणच्या किनाऱ्यावर होडीचा म्होरक्या, तांडेल, पाण्याकडे एकटक बघतो आहे. पाण्यावर काळपट छटा दिसली, बारीक थरथर उठली की तो ओळखतो, बांगडा आला. होडी निघते. एक दोर वाळूवर ठेवून जाळ्याचा अर्धगोल वेढा घालते आणि दुसरा दोर घेऊन दूरवर किनाऱ्याला लागते.

7. दोन्ही बाजूंनी ओढ सुरू. जो दोराला लागतो त्याला वाटा, हा रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या या जाळ्याचा, नियम. पण वाटा पडायला थवा किनाऱ्याशी यायला हवा, म्हणूनच खोल पाण्यात अख्खा थवा वेढणाऱ्या पर्ससीनशी रापणकरांचा जुना झगडा आहे. थवा तिथेच उचलला तर किनाऱ्यावर येणार काय? राज्य सरकारने फेब्रुवारी 2016 मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले.

8.30. जाळे वाळूवर. निळसर हिरवी पाठ, चांदीचे पोट, छातीच्या पराखाली काळा ठिपका. शेपटीकडे वर-खाली छोटे सुटे पर. सुरमईलाही असतात, दोघांचे कूळ एकच. सुरमई गळाला लागावी म्हणून आमिषाला बांगडाच लावतात. वाटे पडतात, लिलाव होतो.

9. आता घाई बर्फाची. बांगड्याच्या मांसात हिस्टिडीन भरपूर. मासा उन्हात राहिला तर जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात. असा मासा खाल्ला की अंगावर गांधी उठतात, डोके दुखते. एकदा तयार झालेले हिस्टामिन शिजवूनही जात नाही.

10. बाजार. पाटीमागची मावशी कल्ला उचलून आतला लालभडक रंग दाखवते, "बघ बाय, आताच इलो हा." डोके धरून आडवा उचलला तरी ताजा बांगडा ताठ राहतो.

12. स्वयंपाकघरात तिखले: मिरची, हळद, सोलां आणि ठेचलेली तिरफळे. तिरफळाशिवाय बांगडा अपुरा वाटतो.

3. उरलेला चिरून, मीठ लावून वाळत पडतो. पावसाळ्यातल्या पेजेची ती सोय.

6. पाटीत बोटभर पिल्ले उरतात, स्वस्तात जातात. केरळने 14 सेंमीहून लहान बांगडा पकडायला मनाई केली आहे, कारण अंडी घालण्याआधीच पिल्ले उचलली तर पुढच्या हंगामात थवा कुठून येणार? नियम समुद्रात पाळायचा, पण तो टिकतो बाजारात. पिल्लांचा वाटा आपण घ्यायचा नाही; गिऱ्हाईकच नसेल तर ती जाळ्यात ठेवणार कोण?